खड्ड्यातला माणूस विषयाला धरून आहे

मी, व्यवसायाने लिफ्ट दुरुस्त करणारा, वय झालेला पण डोकं जागेवर असलेला, कुणाच्याही सांगण्यावरून वा दडपणाखाली नव्हे, तर आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला शंका आल्यास त्याने तो पाहावा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला.

२. दुकानाचा गाळा मुलीला. तीही हेच काम करते. शटर उजव्या कोपऱ्यात अडतं, तिथे खांदा लावावा.

३. लिफ्ट कारागिरांचा इंटरनेटवरचा मंच. मला शिकवणारं कुणी नव्हतं. नव्यांनी तरी चाचपडू नये म्हणून तो मी सुरू केला. तिथे काय ठेवायचं, काय काढायचं, हे विश्वासाने धाकट्यावर सोपवलं. त्याने नियम केला, फक्त यंत्राबद्दल बोला. एकाने विचारलं, दाराचं कुलूप निकामी करून, दार उघडं राहिलं तरी लिफ्ट चालू ठेव असं मालक सांगतो, त्याला नाही कसं म्हणू? धाकट्याने ते काढलं. प्रश्न कुलपाचा नाही, मालकाचा आहे म्हणे. मी परत लावलं, त्याने परत काढलं. या ओढाताणीत माझे उरलेसुरले केसही गेले.

मग ती सुट्टीची दुपार. एका बंद कार्यालयात लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलो आणि वरचं दार आपोआप लागलं. आतून उघडेना, फोनला रेंज नाही. पत्नीने धाकट्याला फोन केले. त्याने उचलले नाहीत, कारण तो मंचाची साफसफाई करत होता. शेवटी तिने मंचावरच लिहिलं, "आमचे हे अजून घरी आले नाहीत. कुठे कामाला गेलेत, कुणाला ठाऊक आहे का?" लिहिणारं कोण, हे पाहायची धाकट्याला सवय नाही. शेरा मारला, "विषयाला सोडून", आणि मजकूर गायब. नशीब, तेवढ्यात एका कारागिराने तो वाचला होता. त्या कार्यालयाचा पत्ता मी सकाळी त्यालाच विचारला होता. तो धावत आला.

संध्याकाळी पत्नीने विचारलं, "भाऊजी, माणूस खड्ड्यात अडकला तर तो लिफ्टचा प्रश्न की घरचा?"

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखा," धाकटा म्हणाला. आजही हेच म्हणतो. त्याला समजावून माझं तोंड दुखलं, म्हणून आता कागदावर लिहितो.

४. मंच धाकट्यानेच चालवावा. ही मिळकत नव्हे, कटकट आहे, त्यामुळे धाकटा या मृत्युपत्राचा साक्षीदार असला तरी त्याला देता येते असं वकील म्हणाले. मात्र मजकूर काढण्याचा हक्क माझ्या पत्नीचा. तिने पाना कधी हातात धरला नाही, पण कुणाचा जीव कशात अडकलाय हे तिला कळतं. मालकाला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न आणि तिचा मजकूर सर्वांत वर ठेवावा. कुणी गुडघेदुखीचं रडगाणं गायलं तर गाऊ द्यावं. त्याच गुडघ्यांवर आम्ही खड्ड्यात उतरतो.

५. हत्यारं. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. धाकट्याला साक्षीला बसवलं ते हे माहीत असूनच. इतका राग मला आहे. पण रागाने हत्यारं गंजतात. म्हणून पान्यांची पेटी आजच, माझ्या जिवंतपणी, त्याच्या हातात दिली. तेल देत जावं.

सही: लिफ्टवाला
स्थळ: आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे

साक्षीदार:
१. दार उघडणारा कारागीर.
२. धाकटा भाऊ. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "दादा, कलम तीन विषयाला सोडून आहे, काढ." मी म्हटलं, वहिनीला विचार. तिने राहू दे म्हटलं. मग त्याने सही केली.