समुद्रकाठी संपूर्ण विश्रांती

३ मार्च, दुपार.
पोहोचलो. शहरात नवीन शाखा उभी करताना दोन महिने हॉर्न, ड्रिल आणि मीटिंगा. बायकोही सोबत होती, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. म्हणते, तुम्हाला फक्त झोपलेलं पाहिलं. बायकांना वाढवून सांगायची सवयच असते.
संकल्प : आठवडाभर ऑफिस नाही. फोन बंद. तिच्याशी गप्पा.
फोन बंद केला. खरंच बंद झालाय का, हे बघायला दोनदा चालू केला.

४ मार्च, पहाट.
झोप नाही. इथली शांतता फार कर्कश आहे. लाटांना टायमिंग नाही. बायको म्हणाली, झोपा, तुम्हाला कुणी सुपरवायझर नेमलेलं नाही.

संध्याकाळ.
वाळूत बसून पूर्ण रिलॅक्स झालो. पाच मिनिटांत उरकलं. आता उरलेल्या आठवड्याचं काय?
एक कोळी जाळं दुरुस्त करत होता. होडी कधी काढता, विचारलं. म्हणाला, पाणी म्हणेल तेव्हा. त्याला पक्कं वेळापत्रक सुचवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जाळं उचलून होडीच्या पलीकडे जाऊन बसला. ऊन लागत असावं.

५ मार्च.
गेस्ट हाउसमध्ये कुणीही उठतं नि स्वतःच चहा ओतून घेतं. शिस्त म्हणून नाही. मी टोकन पद्धत सुरू केली. मालकीणबाईंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना बरं नाही का? ती म्हणाली, बरे आहेत, सुट्टीवर आहेत.
टोकनं दुपारी कचऱ्यात सापडली. वाऱ्यानं उडाली असणार.

६ मार्च.
बायको पाण्यावर तरंगायला शिकली. पन्नाशीत! मालकीणबाईंनी शिकवलं. पाण्यातूनच हाक मारत होती, अहो, या ना! म्हटलं, आलोच, पाच मिनिटं.
खोलीत रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढलो. मला फोन करू नका, एवढंच ऑफिसला सांगायचं होतं. तिघांना सांगावं लागलं. उतरलो तेव्हा ती केस वाळवून बसली होती. मीच म्हटलं, ऑफिसात सगळं ठीक आहे. ती म्हणाली, समुद्रही ठीक होता.

७ मार्च.
सकाळी बायको शांतपणे म्हणाली, तुम्ही जा. मी महिनाअखेरपर्यंत राहते. म्हटलं, एकटी? म्हणाली, शहरात कोण होतं?
माझ्या कामासाठी केवढा हा त्याग! डोळे भरून आले. माझी बॅग मालकीणबाईंनी स्वतः भरली. बसपर्यंत पोहोचवलीसुद्धा. पाहुणचार असावा तर असा.

८ मार्च, ऑफिस.
बसमधून उतरून थेट आलो. मला पाहून कुणी दचकलं नाही. संयम वाखाणण्यासारखा. असिस्टंटला म्हटलं, तुमच्यासाठी सुट्टी अर्धवट सोडली. तो म्हणाला, सर, तुम्ही सुट्टीवर होता?
खुर्चीत बसलो. मग बायकोला फोन लावला. मालकीणबाईंनी उचलला. म्हणाल्या, ती पाण्यात आहे, काही निरोप?
म्हटलं, निरोप नाही, सहजच केला होता. उद्या करतो.
म्हणाल्या, उद्याही ती पाण्यातच असेल.