बटण दाबलं, लिफ्ट आली नाही

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घातला तर पोट तेवढं जमिनीला टेकतं आणि आठही अंगं अधांतरी राहतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

रक्त तपासलं, तर इन्सुलिन रेझिस्टन्स निघाला. मी लिफ्ट दुरुस्त करतो हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्याच भाषेत समजावलं. इन्सुलिन स्नायूच्या पेशीवरचं बटण दाबतं, आत निरोप जातो आणि साखर आत घेणाऱ्या लिफ्टा वर येतात. माझ्याकडे बटण दाबलं जातं, पण निरोप मधेच अडतो. लिफ्टा तळघरात लोळत पडतात (मालकावर गेल्या आहेत), साखर रक्तात ताटकळते आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड बिचारं बटणावर बटण दाबत राहतं. चरबीचा तर आणखीच कारभार. निरोप मिळाला की तिने घरात गप्प बसायचं. माझी ऐकत नाही, रक्तात उतरते आणि स्नायूंत शिरून तिथलं काम आणखी बिघडवते. उपाय म्हणे जिने चढणं. स्नायू राबले की लिफ्टा बटणाशिवायही वर येतात. हे वाढलं की मधुमेह, आणि बाबांचा पाय मधुमेहात गेला तेव्हा उशाशी तूच होतीस. मी घाबरलो, आत्या, खरंच घाबरलो.

पण चौथ्या मजल्यावर राहणारा मी, लिफ्ट दिसली की पाय आपोआप आत वळतात. म्हणून शक्कल लढवली. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची वीज तोडली आणि 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी अडकवली. तिसऱ्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी लगेच कंपनीकडे तक्रार केली आणि कंपनीने ती जवळच्या मेकॅनिककडे पाठवली. म्हणजे माझ्याकडे. धडधाकट लिफ्ट दुरुस्त कशी करणार? गंभीर चेहऱ्याने आत डोकावलो आणि पार्ट मागवावा लागेल म्हणून मोकळा झालो. आता दुरुस्ती चालू म्हटल्यावर चाचणी घेणं आलंच. (कामात मी चोख आहे.) रोज वीज जोडून चाचणीसाठी एकटाच वर-खाली करू लागलो. सगळी बिल्डिंग जिने चढत होती आणि मी लिफ्टने जात होतो.

महिन्याभरात हेडमास्तरांची साखर उतरली, माझी चढली. एकदा त्यांनी मला जाळीतून पाहिलं, बिस्किटांचा पुडा घेऊन वर चाललेला.

"काय हो, पार्ट आला वाटतं?"

तोंडात बिस्किट होतं, म्हणून नुसती मान डोलावली. त्याच दिवशी पाटी काढली. ते अजून जिन्यानेच जातात आणि लिफ्टमध्ये दिसलो की माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

तुझा,
भाचा

ता. क. आत्या, महिनाभर राहायला ये. डॉक्टरीणबाईंचं, बायकोचं, कुणाचंच सांगणं माझ्या पायांपर्यंत पोचत नाही. लहानपणी तू कान धरलास की मात्र मी मुकाट उठायचो. तेवढी एक वायर अजून शाबूत असावी.

आणखी एक: तुझ्या गुडघ्यांसाठी लिफ्टला तेलपाणी करून ठेवलं आहे. तू तिने वर जा आणि दारात उभी राहा. मी जिन्याने येतो.

आणि शेवटचं: हे पत्र टाकायला मी लिफ्टनेच उतरतो आहे. लवकर ये.