पट्टा खिशात होता

दादा,

कुत्र्याला फिरवून आणलंय, खायलाही दिलंय. मी खालच्या शिंपीणकाकूंना प्लास्टर घालायला दवाखान्यात नेते आहे.

सकाळी तू त्याला मोकळं सोडलंस आणि पट्टा खिशात घालून फोनवर बोलत राहिलास. तो लाडानेच काकूंच्या अंगावर उडाला, पण त्या पायरीवरून पडल्या. उजवं मनगट मोडलंय. शिवणावर पोट असलेल्या बाईचं उजवं मनगट! तू वळून पाहिलंस, कुत्र्याला शीळ घातलीस आणि काढता पाय घेतलास. हे मला समोरच्या न्हाव्याकडून कळावं?

"आमचा कुत्रा काही करत नाही," असं गल्लीभर ऐटीत सांगत फिरतोस. खरंय. त्या मुक्या जिवाला काय कळतं? तुला कळत होतं.

काकूंना अजून वाटतंय, तुला दिसलंच नाही. "त्याला बोलू नकोस गं, उगाच मनाला लावून घेईल," म्हणाल्या.

मी नुसती मान डोलावली. खरं सांगायची मलाच लाज वाटली. ते आता तू सांग, त्यांच्या दारात उभं राहून.

धाकटी