आठ मंडळ्यांचा तांदूळ

नाहीच बाबा, ते तुमचं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. गावात चर्चची परिषद होती तेव्हा चुलाणाजवळ उभ्या असलेल्या सगळ्या बायकांसमोर तुम्ही माझ्या हातातला डाव काढून घेतलात आणि म्हणालात, "तुला भात कळत नाय. हो बाजूला." एकोणीस वर्षांच्या मुलाला असं बोलतात का? चूक झाली होती, मान्य आहे. दोन गावांच्या तांदळाच्या पिशव्या मी एकाच परातीत ओतल्या होत्या, एकीत उकडा तांदूळ, दुसरीत साधा. घाई होती म्हणून ओतल्या. पण तुम्ही आयुष्यभर बोर्डिंगचे आचारी, शंभर मुलांच्या शंभर चुका तुम्ही हसून पोटात घातल्यात, आणि नेमकी माझीच एक तुम्हाला गिळवली नाही. मी तसाच स्टँडवर गेलो, आठव्या दिवशी मुंबईची गाडी धरली, तिथून वर्षाच्या आत इकडे मस्कतला आलो, आणि तुम्ही गेलात तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. त्या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. इथे कामगारांच्या कॅम्पात मी रोज सहाशे माणसांचा भात करतो. वाफेचं यंत्र आहे, बटण दाबलं की चाळीस मिनिटांत दाणा न् दाणा मोकळा. एकानेही अजून ताट परत केलेलं नाही. तेव्हा मला भात कळत नाही हे तुम्ही कुठल्या हिशेबाने म्हणालात, हे मी नऊ वर्षं मनात तुम्हाला विचारत होतो.

तर ऐका. गेल्या जानेवारीत चर्चच्या विभागाची वार्षिक परिषद आपल्या गावाला होती. तुमच्यानंतर पहिल्यांदाच. आपली गावची मंडळी अकरा घरांची, त्यातली तीन बंद, आणि त्या तीन घरांत एक आपलं, कारण आईला ताईने तिच्या घरी नेलंय. आठ मंडळ्यांची चारशे माणसं तीन दिवस यायची, राहायची, जेवायची. मला काकीचा फोन आला, आपल्या शेजारची, आता मंडळीची पंच आहे ती. मी लगेच सांगितलं, "काकी, डोक्याला ताप करून घेऊ नको. मी वीस हजार पाठवतो, रत्नागिरीतून केटरर आणा." ती म्हणाली, "केटरर आणू रे. बाकीच्या जेवणांना आणू. पण पयलं जेवण मुठीच्या तांदळाचं, त्याला चुलीवर कोण बसनार? तो काय केटररचा बापूस बसनार?" मी म्हटलं, बसेल कोणीतरी. ती म्हणाली, "कोनतरी नाय. तूच ये."

मूठ तुम्हाला काय सांगायची. पण इथे मी खोलीतल्या मुलांना सांगितली तेव्हा त्यांना खरी वाटेना. परिषदेच्या आधी महिनाभर प्रत्येक घरातली बाई भाताला तांदूळ काढते, त्यातली एक मूठ पुन्हा मागे घेऊन वेगळ्या डब्यात टाकते. घरात पाहुणे असोत की तांदूळ कमी असो, मूठ काढायची. महिन्याने डबे एकत्र होतात, मंडळीची पिशवी भरते, आणि त्या आठ पिशव्यांवर परिषदेचं पहिलं जेवण होतं. लहानपणापासून आईचा हात त्या डब्याकडे जाताना मी पाहिला, पण तो सगळा तांदूळ कुठे जातो नि त्याचं पुढे काय होतं हे मी कधी नीट पाहिलंच नाही. मी तेव्हा मांडवाच्या मागे क्रिकेट खेळत असायचो, नाहीतर कुठल्यातरी गाडीच्या टपावर.

रजा काढून आलो. कातळावर मांडव पडला, माझ्या वीस हजारांतले बरेचसे त्यात आणि पाण्याच्या टँकरमध्ये गेले. देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, जांभ्याच्या भिंतीला नवा चुना लागला. आंब्यांना मोहोर होता. पहिल्या दिवशी सकाळी टेम्पो आणि एसट्या यायला लागल्या. राजापूरकडची मंडळी काजू घेऊन, खेडची माणसं नेहमीसारखी सगळ्यांत आधी नि सगळ्यांत मोठ्याने, दाभोळकडची सुक्या जवळ्याच्या पिशव्या घेऊन. आपल्या लोकांचं "सलाम, सलाम" चाललंय, बायका एकमेकींच्या गळ्यात पडतायत, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं. एक म्हातारा मला निरखून म्हणाला, "तू आचाऱ्याचा ना? अरबस्तानातला?" मी हो म्हटलं. "मग आज वाळूचा भात काय रे?" आणि स्वतःच हसत पुढे गेला.

मी मागे चुलाणं पेटवली. तीन मोठे टोप, तुमचेच, तळाला तुम्ही खिळ्याने मारलेली फुलीची खूण अजून आहे. आधण ठेवलं. आमटी दोन बायकांनी हातात घेतली. मी तांदळाची वाट पाहत होतो. पिशव्या आल्या की एकेक उघडून बघायचं, उकडा एका टोपात, साधा दुसऱ्यात, एवढं मला कळत होतं, नऊ वर्षांत तेवढं तरी डोक्यात बसलं होतं. मांडवातून गाणं ऐकू येत होतं. मग टाळ्या. मग खूप वेळ आमेन, आमेन. आणि मग एक मुलगी धावत आली, म्हणाली, दादा, तांदूळ घ्यायला चला.

बाबा, मी आत जाऊन बघतो तर व्यासपीठासमोर पांढरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर एकच ढीग. आपल्या चर्चचे पाळकसाहेब नवे आहेत, घाटावरचे, लग्न होऊन वर्ष झालेलं, मनाने फार चांगला माणूस. त्यांना सुचलं होतं की प्रत्येक मंडळीच्या माणसाने पुढे येऊन आपली पिशवी एकाच चादरीवर ओतावी, आपण सगळे एक शरीर आहोत म्हणून. लोकांनी ओतलीही. डोंगरातला लाल तांदूळ, राजापूरचा जाड उकडा, खेडचा नवा पांढरा, कोणाचा रेशनचा जुना. आठ मंडळ्या एक झाल्या होत्या आणि वर सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. लोकांचे डोळे भरून आलेले. आणि मी त्या ढिगाकडे बघत उभा. पांढरा शिजेपर्यंत उकडा दगड, उकडा शिजेपर्यंत पांढऱ्याची खळ. साडेदहा वाजले होते.

पाळकसाहेब हसत जवळ आले. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "हा भात होणार नाही." ते म्हणाले, "का?" त्यांना खरंच कळेना. भाकरीवर वाढलेला माणूस. मी समजावलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "मग आता?" मी मनात ठरवलंच होतं. खिशात पैसे आहेत, बाजार जवळ आहे, बाइक आहे, एका जातीचं एक पोतं उचलतो, अर्ध्या तासात परत. हा ढीग चादरीसकट बांधून ठेवा, नंतर कोंबड्यांना होईल. मी तसं बोललोही. किल्ली हातात घेतली. तेवढ्यात काकी आली. तिने ढीग बघितला, पाळकसाहेबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "ह्यांच्याकडं जोंधळा. त्यांना काय ठाव नवा नि जुना. तुला ठाव असून तू कोंबड्यांना घालतंस?"

मी म्हटलं, "मग काय करू? पन्नास किलो आहे काकी."

"तुझ्या बापसान काय केलान?"

"त्यांनी मला हाकललं."

"तू गेलास तो गेलास," काकी म्हणाली. "मागं काय झालं ते कोनाला इचारलंस कधी? तुझे बाबा सूप घेऊन बसले. दोन पिशव्या, दाना दाना. मी बसले, तुझी आई बसली. मी म्हटलं, भावोजी, जाऊ दे, लोक खातील कसंपन. तर म्हनाले, नको, माझ्या पोराची चूक कोनाच्या ताटात जायला नको."

बाबा, हे मला नऊ वर्षं कोणी सांगितलं नाही. आईनेही नाही. मी त्या वेळी स्टँडवर वडापाव खात तुम्हाला शिव्या देत होतो.

मी किल्ली खिशात टाकली. पण दोन पिशव्या वेगळ्या आणि पन्नास किलो वेगळं. काकी म्हणाली, "तेव्हा आम्ही तिघं होतो. आज किती जन हायत बघ." आणि तिने पाळकसाहेबांना सरळ सांगितलं, "साहेब, तुम्ही उपदेश सुरू करा. पन ताटं वाटूनशान."

आणि पाळकसाहेब, मला वाटलं लाजेने कुठेतरी जाऊन बसतील, ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, माझ्या हातून चूक झाली. मला तांदूळ कळत नाही. तुम्हाला कळतो. प्रत्येकाने एक मूठ उचला." बस, एवढंच. मग मागून तोच अरबस्तानवाला म्हातारा ओरडला, "दिलेली मूठ परत घेतात काय साहेब?" आणि अख्खा मांडव हसला आणि उठला.

ते मला नीट लिहिता येणार नाही. मी शाळा आठवीत सोडलेली. पण मी सहाशे माणसं रोज रांगेत बघतो, आणि असं कधी बघितलेलं नाही. चारशे माणसं कातळावर मांडी घालून बसलीयत. कोणाच्या पुढ्यात ताट, कोणाच्या पदरात, कोणी गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन त्याच्या पुठ्ठ्यावर तांदूळ पसरलाय. शिक्षक, नर्सबाई, दाभोळचे जाळी ओढणारे, त्यांची बोटं दोऱ्यासारखी राठ, तीही एकेक लाल दाणा उचलतायत. चष्मे खाली आलेले. पाळकसाहेब बोलतायत, पण हळू, जणू त्यांनाही कोणाचा दाणा चुकायला नको. मध्येच कोणीतरी गाणं धरलं, मान वर न करता, आणि ते मांडवभर पसरलं, मोठ्याने नाही, काम करताना माणूस गुणगुणतो तेवढंच. चारशेवर मुठी होत्या त्या. एका माणसाला एक, कोणाला दोन. महिनाभर ज्या मुठी एकेका घरातून निघाल्या होत्या, त्या पुन्हा कोणा दुसऱ्याच्या हातात आल्या होत्या. मी माझी मूठ घेऊन काकीशेजारी बसलो. माझ्या तळहातावर कोणाच्या घरचा तांदूळ होता मला माहीत नाही. एका दाण्याला तूस तसंच होतं. कोणत्या बाईच्या नजरेतून निसटलं असेल? अंगावर काटा आला बाबा. आजही लिहिताना येतोय. मी देवाबद्दल फार बोलणारा नाही, तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या वेळी मला वाटलं की कोणीतरी आत येऊन बसलंय आणि तेही निवडतंय.

पाऊण तासात झालं. माणसं ओळीने आली, लाल आणि उकडा एका टोपाशी, पांढरा दुसऱ्याशी. नव्या-जुन्याचं मी पाण्याच्या अंदाजाने निभावलं. तुमच्यासारखा एक दाणा दाताखाली धरून बघितला, मग दुसरा. यंत्र नाही, बटण नाही, धूर डोळ्यात, लाकूड पुढे-मागे करायचं, झाकणाला कान लावायचा. दोन वाजता पंगत बसली. एका ताटात दोन भात, एक लाल, एक पांढरा, मध्ये आमटी, कडेला जवळा. म्हातारा म्हणाला, "वाळू नाय लागली." काकीने दुसऱ्यांदा भात मागितला, तेवढंच.

आता मला कळलं तुम्ही डाव का काढून घेतलात. तुम्ही मला हाकललं नव्हतं. तुम्हाला निवडायला बसायचं होतं, आणि मी बाजूला झालो नसतो तर तुमचा हात त्या तांदळाला लागलाच नसता. पण बाबा, एवढं बोलायला हवं होतं. "बस माझ्याजवळ" असं म्हणाला असतात तर मी बसलो असतो. कदाचित नसतो बसलो. हा वाद तेवढा राहू दे.

पुढची परिषद खेडला आहे, दहा दिवसांनी. मला यंदा रजा नाही. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, म्हणून घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवणार आहे. हो, डबा आहे. कॅम्पातला तांदूळ कंपनीचा, त्याला मी हात लावला नाही. दुकानातून पाच किलोची पिशवी माझ्या पैशाने आणली, आणि रोज पहाटे यंत्र सुरू करायच्या आधी तिच्यातली एक मूठ पलंगाखालच्या डब्यात. खोलीतला बिहारी विचारतो, कबुतर पाळलंय का रे? मूठ काढतोय त्याचं कारण तुम्हाला सांगायचं राहिलंय, ते मी काकीलाही सांगितलं नाही. त्या दिवशीच्या ढिगात आठ मंडळ्या होत्या, पण आपल्या घराची मूठ नव्हती. मी मांडव दिला होता, टँकर दिला होता, मूठ दिली नव्हती.

तांदूळ इथून पाठवता येत नाही. पैसे पाठवून काकीला सांगणार आहे की एकाच जातीचा घे. पैसे पाठवायच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, पाठवायचा खर्च याहून जास्त आहे. मी म्हटलं, असू दे. पैसे वेळेवर पोचावेत म्हणून मूठ लवकर सुरू केली होती, तीस दिवस झाले, त्यात घाईत दोन दिवस विसरलो, तेव्हा मुठी अठ्ठावीस. मुठीला पाच रुपये धरून एकशे चाळीस रुपये.