साबणवाल्यांचा पूर्ण फोटो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवापुढे दिवा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहते घर मला वडिलांकडून मिळाले, ते सर्वस्वी माझे आहे. वडील महायुद्धात लष्कराच्या धुलाई तुकडीत होते. उवांमुळे ताप पसरू नये म्हणून चार वर्षे त्यांनी जवानांचे कपडे उकळले. बंदूक कधी हातात धरली नाही. गल्ली त्यांना साबणवाले म्हणे आणि ते खुशाल ओ देत.

एकदा त्यांनी खिसा न बघता एक शर्ट उकळत्या पाण्याच्या काहिलीत टाकला. आत पत्र होते, त्याचा लगदा झाला. जवान शोधत आला. म्हणाला, "आईचं होतं. मला वाचता येत नाही, कोणाकडून तरी वाचून घ्यायचं राहिलं होतं." त्या दिवसापासून वडील प्रत्येक खिसा दोनदा तपासत. आमच्या घरात आजही तसा तपासल्याशिवाय कपडा पाण्यात जात नाही.

२. याच रिवाजाने थोरला मुलगा सापडला. बैठकीतला वडिलांचा फोटो त्याने "काच बदलतो" म्हणून नेला आणि परत आणला तो कमरेपर्यंतच. धुण्याआधी त्याच्या पँटचा खिसा पाहिला, काही नाही. दुसऱ्यांदा पाहिला, तर खालचा तुकडा हाती आला. काहील, साबणाची वडी आणि वडिलांचे अनवाणी पाय.

विचारले, तर म्हणाला, "आई, पोरीची सोयरीक जुळतेय. आजोबा लढाईत होते एवढं पुरे. धुणी कशाला दाखवायची?"

मी म्हटले, "अरे, तुझ्या अंगातला शर्ट काय आपोआप पांढरा झाला?"

त्यावर तो पँट उचलून आत गेला. मी गप्प बसणार नाही.

३. सबब घर थोरल्याला मिळेल, पण एका अटीवर. अर्धा फोटो मी खिळ्यावरून उतरवून ठेवला आहे; त्याला तुकडा जोडून पूर्ण फोटो बैठकीत, दारातून दिसेल असा लावावा. खाली "लष्करी धुलाई तुकडी" एवढेच लिहावे. "वीर" वगैरे नको, त्यांना ते अंगाला टोचले असते. जोड दिसली तर दिसू दे. माझ्यामागे महिन्याभरात हे न झाल्यास घर धाकट्या मुलीचे. ती फोटो लावेल, हे मला विचारावे लागत नाही.

४. बँकेतली ठेव धाकटीला, अट काही नाही.

५. पत्र्याचा डबा थोरल्या सुनेला. त्यात ज्यांचे मालक परतले नाहीत अशा खिशांतल्या वस्तू आहेत: कंगवा, किल्ली, चार बटणे, एका बाळाचा फोटो. वडील दर रविवारी त्या पुसून ठेवत, पुढे मी पुसल्या. तुकडा सापडला तेव्हा सून नवऱ्याची बाजू न घेता म्हणाली, "आई, डिंक आणू?" म्हणून डबा तिला.

६. मी गेल्यावर माझ्या लुगड्यांच्या कनवट्याही खिशांसारख्याच दोनदा बघाव्यात.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचे शिंपी. २. डॉक्टरीणबाई. दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या.

ठिकाण: राहत्या घराची बैठक, रिकाम्या खिळ्यासमोर
तारीख: १७ ऑक्टोबर २०२२

सही,
साबणवाल्यांची मुलगी