उद्याचं टपाल

नाते, ता. महाड
११ फेब्रुवारी १९८७

प्रिय चंद्रा,

हे पत्र पोस्टात न टाकता धोंडूभाऊंच्या हाती देते आहे. ते उद्या सकाळच्या एस.टी.ने मुंबईला निघालेत. मिळाल्या मिळाल्या वाच, आणि वाचताना भावोजी घरात नसतील तर बरं.

गेल्या पावसाळ्यात टीव्हीवर ‘उद्याचं टपाल’ नावाची मालिका लागायची. तू पाहिलीस की नाही, ठाऊक नाही. आपल्या नाते गावात तेव्हा एकच टीव्ही, श्रीपतभाऊंकडे. बुधवारी सगळी आळी त्यांच्या पडवीत. त्यातला पोस्टमन पाठमोरा चालायचा, कारण कुणाच्या हातात काय पडतंय हे त्याला बघवत नसे. वडाच्या ढोलीत पेटी, टपाल निवडायला एक कावळा, आणि प्रत्येक पत्रावर तारीख उद्याची. खुळचटच, पण आम्हाला वेड लागलं होतं. सहा भाग झाले आणि सातव्या बुधवारी त्या वेळेला खतांवरचं भाषण लागलं. पुढे कधी मालिका आलीच नाही. मग विहिरीवर, शाळेच्या ओट्यावर तोच विषय. श्रीपतभाऊ म्हणत, कावळा मेला असेल, दुसरा कुठून आणणार? तुझा भाऊ मुरारी म्हणाला, “सातवं पत्र त्या पोस्टमनच्याच नावाचं असनार. म्हनून बंद केली.” सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

तुझी सोनाकाकी पहिल्या दिवसापासून अगदी पुढे बसायची. तिला ते सगळं खरंच वाटायचं. मालिका बंद पडल्यावर एकदा शाळेत माझ्या वर्गावर आली आणि म्हणाली, “मंजू, माज्या दत्ताचं पत्र त्या ढोलीतच अडकलं आसंल गो. दीड वरीस झालं. आता कोन आननार?” चंद्रा, मला राहवलं नाही. त्या रात्री मी दत्ताच्या नावाने एक अंतर्देशीय लिहिलं. मी बरा आहे, काम लांबच्या गावी आहे, काळजी करू नको. शाळेच्या टपालात आलं असं सांगून मीच तिला वाचून दाखवलं. ती कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. मग गणपतीत दुसरं लिहिलं, दिवाळीत तिसरं. आपण पुण्य करतोय असंच वाटायचं मला.

संक्रांतीनंतर काकी चौथं पत्र घेऊन आली. ते मी लिहिलेलं नव्हतं. तिच्या दाराच्या फटीतून कुणीतरी आत सरकवलं होतं. मी मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. लिहिलं होतं, ‘आई, यंदाच्या पावसात डोंगर खाली येणार, आपलं घर राहणार नाही. रस्त्याकडची जमीन मुरारीच्या नावे कर आनि अंगठा दे. तू अंगठा दिलास की मी येईन.’ ‘आणि’ला ‘आनि’. मुरारी चौथीत असताना आपण दोघींनी त्याची वही किती वेळा दुरुस्त केली होती, आठवतं? मी जमिनीची आणि अंगठ्याची वाक्यं गाळली आणि पत्र घडी करून तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मुरारी उभा होता. कधी नव्हे ते माझ्याबरोबर चालायला लागला. मग म्हणाला, “मंजूताय, पत्र आर्दंच वाचलंस. पयली तीन कुनाची, ते मला ठाव हाय. काकीला सांगू?” आवाज अगदी मऊ होता. मी तशीच शाळेत निघून गेले. पाचवं पत्र त्यानेच तिला वाचून दाखवलं.

त्या जमिनीवर कुठल्याशा कारखान्याचे लोक दोनदा येऊन गेलेत. साखळ्या टाकून मोजणीही झाली. काकीने घर सारवलंय, दत्ताची घोंगडी उन्हात घातलीय. मुरारी हल्ली रोज तिच्या ओटीवर बसतो. मी गेले की उठत नाही, नुसता बघत राहतो. येत्या सोमवारी तो तिला महाडच्या रजिस्टर कचेरीत नेणार आहे. बक्षीसपत्र तयार आहे.

आज तो पोलादपूरला गेला म्हणून मी धीर करून काकीकडे गेले. सगळं सांगायचंच असं ठरवून गेले होते. पण तिने मला बसतं केलं, कागद पुढे ठेवला आणि हळूच म्हणाली, “अंगठ्याचं मास्तरनीला सांगू नको, असं लिवलंय दत्तानं. पन तुज्याबिगर माजं कोन लिवील गो?” दत्ताला काय कळवायचं ते ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले.

चंद्रा, दत्ता गेल्याचं तू मला लिहिलंस त्याला यंदाच्या चैत्रात दोन वर्षं होतील. इस्पितळात त्याला ओळखायला तूच गेली होतीस. त्याच्या आईला सांगायचं नाही हे तुम्ही घरच्यांनी ठरवलंत, आणि मी ते पाळलं. मुरारीनेही पाळलं, आता त्याचा उपयोग होतोय म्हणून. मी सांगितलं तर काकी मलाच खोटी ठरवेल, कारण खोटं मीच सुरू केलंय. तिचा विश्वास बसला तर फक्त तुझ्यावर बसेल. तू त्याला पाहिलंयस. रविवारपर्यंत ये. इस्पितळाचा कागद असेल तर घेऊन ये. नाही आलीस तर रविवारी संध्याकाळी मी एकटी जाऊन सांगेन, मग माझं काय व्हायचं ते होवो. काकीने सांगितलेलं पत्र सोबत ठेवते आहे. त्यावर घालायला माझ्याकडे पत्ता नाही.

वाट पाहणारी, तुझीच,
मंजुळा