गच्चीतल्या बाकावरची

६ डिसेंबर १९५८
आज सकाळी आधी देवाचं काम केलं. कोनाडा पुसून विठोबाची तसबीर मांडली, मग ट्रंक उघडली. बंगलोरबाहेर, कोरमंगलच्या तळ्यापलीकडचं हे घर एकटंच आहे. भोवती नाचणीची शेतं, लांबवर एक वीटभट्टी. मालक उपेंद्रराव निवृत्त प्रोफेसर, राहतात बसवनगुडीत. त्यांना उल्कांचे फोटो हवेत, आणि निपाणीच्या स्टुडिओत माझा जन्म फोटोच्या काचा धुण्यात गेला. आषाढात बायको, चंद्राबाई, गेली, तेव्हापासून घरात संध्याकाळ सरत नव्हती. इथं रात्रभर काम. आलो ते बरं झालं. दूध घालायला मल्लाप्पा येतो. चिकोडीकडचा, मराठी बोलतो. म्हणाला, "अण्णा, चांदण्यांनाही 'हसा' म्हणून सांगता काय?" पुष्कळ दिवसांनी हसलो.

८ डिसेंबर
कॅमेरा गच्चीत पूर्वेकडे लावला आहे. काच अर्धा तास उघडी ठेवायची. तारे सरकतात, त्यांच्या वाकड्या रेघा उमटतात. उल्का पडली तर एक सरळ रेघ. अंधारात समोरून कोणी चालत गेलं तरी काचेवर येत नाही.
आज दोन उल्का मिळाल्या. आणि काचेच्या खालच्या कडेला, गच्चीच्या कठड्याजवळच्या दगडी बाकावर एक बाई. पदर डोक्यावर, पाठ माझ्याकडे. ताऱ्यांच्या रेघा तिच्यापाशी तुटल्या आहेत. म्हणजे अर्धा तास ती जराही हलली नाही. मी तिथंच होतो. बाक रिकामा होता.

१० डिसेंबर, अमावास्या
आधी फोटो घेतलेली जुनी काच चुकून वापरली गेली असेल, असं समजून नवी पेटी फोडली. पुन्हा तीच. मान आता अर्धी वळलेली. चंद्रा जेवणं आटोपल्यावर अशीच बसायची. फक्त भीतीच वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

११ डिसेंबर
मल्लाप्पाला काच दाखवली. त्यानं दुधाचं भांडं खाली ठेवलं. म्हणाला, सामान बांधा. आधीचा फोटोवालाही आपली आई आली म्हणायचा. एका सकाळी त्या बाकावर सापडला, अंगावर दंव, डोळे उघडे. "शेजारी बसलं की ती उठू देत नाही, अण्णा." होसकोट्याला त्याची बहीण असते, तिच्याकडे जाऊन राहा म्हणाला. त्याच्याच कानडीत 'सरी', बरं, उद्या निघतो म्हटलं.

१२ डिसेंबर
निघालो नाही. मल्लाप्पा फाटकातूनच ओरडला, "मरायला आलात काय इथं?" दूध ठेवून गेला.
काच धुतली. तोंड पुरतं माझ्याकडे. चंद्रा नाही. चंद्राच्या गालांवर देवीचे वण होते. हा चेहरा गुळगुळीत, आणि डोळ्यांच्या जागी— नाही लिहीत.

१३ डिसेंबर
ट्रंक बांधली. सोडली. निपाणीतलं ते कुलूप, एकट्यापुरती चूल— परत कशासाठी—
नामस्मरणाला बसलो. लक्ष बाकाकडे. ती एका कडेला बसते. दुसरी कड रिकामी ठेवते.

१४ डिसेंबर
उल्का फार पडताहेत. काच उघडली. बाकावर येऊन बसलो. शेवटी बसलो.
चंद्रा नाही, ठाऊक आहे. कोणीतरी आहे.
तिकडे बघत नाही. दगड गार— लुगड्याची सळसळ—
हातावर हात आला. किती महिन्यांनी. पेन्सिल सोडवून घेते आहे, घेऊ दे—